गंजीतले अकरा ससे

"हलली! आजीची शपथ, गंजी हलली!"

राखीच्या ओरडण्यानं सीताफळाच्या झाडावर चढलेला ऋषिकेश अर्धा खाली घसरला आणि उरलेला अर्धा पडला. रीता मात्र हातातलं पिकलं सीताफळ न सोडता वाऱ्यासारखी धावत आली.

"कोनती गंजी?"

"आपल्या वावरात किती गंज्या हायेत वं? हीच!"

समोर कापलेल्या सोयाबीनचा घराएवढा उंच ढीग होता. वरून निळी ताडपत्री, तिच्यावर दगड. तुळसाबाईचं वर्षाचं पीक त्या गंजीत होतं. उद्या सकाळी मारोतरावांचं थ्रेशर येणार, मशीन घरघरणार आणि दाणे वेगळे, कुटार वेगळं होणार. तोवर गुराढोरांपासून गंजी राखायची, हे काम दिवाळीच्या सुट्टीत या तिघांवर आलं होतं.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. राखी ही तुळसाबाईची नात, बारा वर्षांची. तिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही. रीता तिच्याच वर्गातली, वावराला लागून असलेल्या तांड्यावरची. पोरगी चालते कमी, धावते जास्त. आणि ऋषिकेश हा राखीचा आतेभाऊ, सुट्टीला अकोल्याहून आलेला. बोलणं पोतंभर, ताकद चिमूटभर. पण मनानं सोन्यासारखं पोरगं, खोटं कशाला बोला!

"भूकंप असेल," ऋषिकेश गुडघा चोळत म्हणाला.

"फक्त गंजीखालीच आला काय भूकंप, भैताडा?"

इतक्यात ताडपत्रीची कड वर झाली. आधी दोन लांब कान आले. मग गुलाबी नाक. मग पांढराशुभ्र, कापसाच्या बोंडासारखा ससा बाहेर आला. आणि त्याच्या कपाळावर कुंकवाचं ठसठशीत बोट!

"अरे बापरे!" ऋषिकेश कुजबुजला. "हा काय लग्नाला निघालाय?"

त्याच्यामागून दुसरा आला. तिसरा करड्या पाठीचा. बघता बघता दहा-अकरा ससे गंजीभोवती सांडलेल्या शेंगा हुंगू लागले, आणि प्रत्येकाच्या कपाळी कुंकू!

कापूस वेचायला निघालेली प्रयागबाई तिथूनच चालली होती. तिनं पाहिलं आणि जागच्या जागी हात जोडले.

"अगं माय! देवाचं जनावर! पोट्टेहो, हात लावान तर झडतील हात!"

ऋषिकेशनं ताबडतोब दोन्ही हात खिशात घातले. प्रयागबाईच्या तोंडात बातमी पडली म्हणजे तिला पाय फुटायला वेळ लागत नाही. तासाभरात अर्धं गाव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभं. कोणी झेंडू वाहिला, कोणी साखर ठेवली. सशांचं काय व्हावं याचा विचार मात्र एकाही मोठ्या माणसाला सुचला नाही. हात जोडले की काम संपतं, असा मोठ्यांचा समज असतो.

विचार केला तो राखीनं. गर्दी पांगल्यावर ती रीताच्या आजोबांकडे, किसनसिंगबाबांकडे गेली. बाबांचं आयुष्य रानात गेलेलं. त्यांनी लांबूनच डोळे बारीक करून पाहिलं.

"हे आपल्या रानातले नव्हेत, पोरी. आपला ससा मातीच्या रंगाचा. तो बीळ करत नाही, गंजीत घुसत नाही. ढेकळाशेजारी दबून बसते, पाय पडेलोक दिसत नाही. अन् उठला की कुत्र्याले धूळ चारते. हे पांढरे पिंजऱ्यातले. यायले पळाचं कसं तेबी ठाऊक नाही. आज सकाळीच मी एक कुत्रं हाकललं. उद्या चार येतील."

"मंग इथं आले कसे, बाबा?"

"येतील कायचे? कोनीतरी आनून सोडले."

कोणीतरी! बस्स, तिघांच्या अंगात वारं शिरलं.

धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली त्यांना सगळं सापडलं. फोडलेल्या नारळाची करवंटी. सांडलेलं हळदकुंकू. कांद्याची जाळीदार रिकामी गोणी, तिला पांढरे केस चिकटलेले. आणि मातीत ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांचे ठसे.

ऋषिकेशनं मोबाइलवर ठशांचे सतरा फोटो काढले आणि छाती फुगवली. "गुन्हेगार ट्रॅक्टरवाला आहे!"

"हाव रे अकोल्याच्या शहाण्या! या दिवसांत या रस्त्यानं ट्रॅक्टर सोडून दुसरं जाते काय?" रीता म्हणाली. "तुह्या हिशोबानं आख्खं अनसिंग गाव गुन्हेगार!"

राखीचं लक्ष भलतीकडेच होतं. ती करवंटी हातात घेऊन उभी होती. कोणी देवाच्या नावानं जनावर सोडलं की त्याला गावात कोणी मारत नाही, हे तिला माहीत होतं. सोडणाऱ्यालाही ते माहीत असणार. म्हणजे माणूस जवळपासचाच!

त्याच वेळी रस्त्यावरून आवाज आला, "पिंपिं-पूंऽ! पिंपिं-पूंऽ!"

हा मारोतरावांचा हॉर्न. आसपासच्या चार गावांत तो ओळखत नाही असा माणूस नाही. मारोतराव म्हणजे अनसिंगचे थ्रेशरवाले. माणूस गोड बोलणारा, कष्टाचा, पण घाई अशी की ताटातला घास ताटातच राहावा.

आणि गंजीजवळ काय झालं बघा! आत दडलेले ससे एकामागून एक बाहेर पडले, धुऱ्यापर्यंत उड्या मारत आले आणि मागच्या पायांवर उभे राहून रस्त्याकडे बघू लागले.

"आरतीला उभे राहिलेत का?" ऋषिकेश म्हणाला.

ट्रॅक्टर निघून गेला. ससे इकडेतिकडे हुंगत परत फिरले. थोड्या वेळानं दुसऱ्या कोणाचा ट्रॅक्टर "भोंऽऽ" करत आला, तेव्हा मात्र अकराच्या अकरा ससे जीव घेऊन गंजीत घुसले.

राखीचे डोळे चमकले. "रीते, ढोरं कोनाच्या आवाजाले हंबरतात?"

"जो चारा टाकते त्याच्या."

"मंग ससे कोनाच्या आवाजाले बाहीर येतील?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग राखीचा चेहरा उतरला. उद्या याच गंजीवर मशीन घेऊन येणार होते ते हेच मारोतकाका! माणसं कवेत मावतील तेवढ्या कवळ्या भरभरून सोयाबीन मशीनच्या तोंडात टाकणार. आवाज झाला की ससे आणखी आत घुसणार. आणि मग कोणाच्या कवळीत काय जाईल, कोणाला कळणार होतं?

तिघांनी धावत घर गाठलं.

तुळसाबाई ओसरीवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होती. बाईची शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण पंधरा एकर तिनं एकटीच्या जिभेवर राखले होते. तिच्यासमोर बोलताना सरपंचसुद्धा आधी टोपी नीट करत. पोरांचं सगळं तिनं ऐकून घेतलं.

"आवाजावरून ससे आले म्हनून मारोतरावाले चोर म्हनू काय? उद्या तोंडावर बोलसान तं त्यो मशीन घेऊन पुढच्या गावाले जाईन. पुन्हा नंबर लागन दिवाळीनंतर. वर पाह्यलं काय?"

राखीनं वर पाहिलं. पश्चिमेला काळेभोर ढग बसले होते.

"गंजी भिजली तं दाना काळा पडते. घरातली दिवाळी गंजीत हाये, बाप्पा." तुळसाबाईनं शेंग कडकन मोडली. "म्हनून ऐका. माही मशीन थांबली नाही पाह्यजे. अन् तुमचा एकबी ससा मशिनीत गेला नाही पाह्यजे. काढा उपाय! एवढी पुस्तकं वाहता पाठीवर, ती काय फकत वजन म्हनून?"

उपाय म्हणून पोरांनी संध्याकाळपर्यंत ससे पकडून पाहिले. रीता वेगानं धावली, ससा तिच्याहून वेगानं वळला. राखीनं टोपलं टाकलं, ते ऋषिकेशच्या डोक्यावर पडलं. ऋषिकेशनं झेप घेतली आणि कमरेपर्यंत गंजीत रुतला. शेवटी ससे इतके आत शिरले की एक कानसुद्धा दिसेना.

"उद्या सकाळी," राखी केसातल्या शेंगा काढत म्हणाली, "ज्यानं सोडले त्याच्याकूनच काढून घेऊ."

"कसे?"

"हॉर्न!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मारोतरावांचा ट्रॅक्टर थ्रेशर ओढत वावरात शिरला. पण गंमत बघा, आज हॉर्न नाही! ज्या माणसाचा हॉर्न झोपलेल्या कोंबड्यांना उठवतो, तो आज मांजरासारखा आला.

"काका, आज पिंपिं नाही वाजवलं?" राखीनं भोळा चेहरा करून विचारलं.

"अं? नाही... कायले उगीच सकाळी सकाळी लोकायची झोपमोड!"

रीतानं राखीला कोपर मारलं. दहा वर्षांत मारोतरावांना लोकांच्या झोपेची आठवण आज पहिल्यांदा आली होती.

मजूर जमले. प्रयागबाईही होती. पण गंजीला हात लावायला कोणी पुढं होईना. देवाचे ससे आत! तिकडे ढग कालच्यापेक्षा जवळ आलेले, आणि मारोतराव घड्याळाकडे बघत घाई करत होते.

"अरे, पळाले असतील कवाचेच! लागा कामाले! ससे रानातलेच जनावर, त्यायले काय होते?"

"आधी चहा तं घ्या, मारोतकाका!" राखी किटली घेऊन पुढं झाली. "आजीनं विलायची टाकून पाठवला. उभ्यानं नका घेऊ, आजी रागावन. तिकडं निंबाखाली बसा."

तुळसाबाईचा चहा नाकारायची हिंमत कोणात होती? मारोतराव कडुनिंबाखाली टेकले. ऋषिकेश त्यांच्यासमोर बसला आणि त्यानं तोंड उघडलं. थ्रेशरला दात किती, चाळण्या किती, अकोल्याहून मोठं मशीन कुठं मिळतं, इथपासून ते मारोतरावांच्या मिशीपर्यंत. बोलणं हा त्या पोराचा गुण आहे, तो अशा वेळी कामाला येतो.

आणि रीता? ती खारीसारखी ट्रॅक्टरवर चढली. चावी लावलेलीच होती. तिनं ती एक घर फिरवली आणि दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं.

"पिंपिं-पूंऽ! पिंपिं-पूंऽ! पिंपिं-पूंऽऽऽ!"

मारोतरावांच्या हातातला कप बशीत नाचला.

गंजी हलली. इकडून एक, तिकडून दोन! ताडपत्रीखालून पांढरे, करडे, ठिपक्यांचे ससे गोळ्यांसारखे सुटले आणि थेट ट्रॅक्टरकडे धावले. मजूर तोंडं उघडी टाकून बघत राहिले. सगळ्यात पुढचा गुबगुबीत ससा मोठ्या चाकाखाली घुसणार, तोच मारोतराव कप टाकून धावले.

"ए चिंगे! सर बाजूले! टायराखाली येशीन, येडे!"

सगळं वावर पुढं सरकलं.

तुळसाबाई कधी आली कोणाला कळलंच नाही. कमरेवर हात ठेवून ती मारोतरावांच्या मागंच उभी होती.

"वा, मारोतराव! देवाच्या सशाचं नावबी तुमाले ठाऊक? काल रातच्याले देवानं सांगतलं काय?"

मारोतरावांनी चिंगीकडे पाहिलं, तुळसाबाईकडे पाहिलं आणि ते धप्पकन मातीत बसले. चिंगी त्यांच्या चपलेवर चढून चाऱ्यासाठी खिसा हुंगू लागली. आता काय लपवणार?

"मीच सोडले, काकू. वैजूसाठी दोन आनले होते," ते म्हणाले. वैजयंती ही त्यांची सहा वर्षांची मुलगी. "दोनाचे अकरा कवा झाले, समजलंच नाही. रोज मी हॉर्न वाजवत घरी आलो की ती चारा टाके. पन दिवाळीची रंगरंगोटी निघाली, घरातलं सामान अंगनात, अन् हे रंगाच्या डब्यात पाय बुडवून घरभर फिरून राह्यले. बायको म्हने, एक तं हे ठेवा नाही तं मले. मंग म्हटलं, रानातलं जनावर रानात राहीन. नारळ फोडला, कुंकू लावलं. देवाला सोडलेलं कोनी मारत नाही ना, म्हनून."

"अन् वैजूले काय सांगतलं?"

"देवाकडे गेले म्हनून." त्यांनी मान खाली घातली. "दोन दिवस झाले, पोरगी धड जेवत नाही."

"देवाचं नाव पुढं करून आपलं काम झटकलं व्हय!" तुळसाबाई कडाडली. "मानूस कुंकू पाहून हात जोडीन. कुत्र्याले कुंकू वाचता येते काय? अन् ह्या मशिनीले येते काय?"

"देवाचं कायचं!" प्रयागबाईनं जोडलेले हात सोडले आणि पदर खोचला. "हे तं मारोतरावाचं निघालं! काल मी उगीच साखर वाहिली, बाप्पा!"

हसण्याचा असा फवारा उडाला की मारोतरावसुद्धा ओशाळून हसले. मग ते लगबगीनं उठले. "चुकलं माझं. पन आता निघाले ना सगळे? अकरा हायेत. भरा टोपल्यात. मी मशीन चालू करतो, ढग पाहा कसे आले!"

पोरं ससे उचलून टोपल्यांत ठेवू लागली. राखीनं चिंगीला छातीशी घेतलं आणि तिचा हात थांबला. चिंगीच्या गळ्याखाली, छातीवर केसच नव्हते! गुलाबी कातडी उघडी पडली होती.

"ईऽ! हिला रोग झालाय," ऋषिकेश मागं सरला.

"बाबा!" राखीनं हाक मारली.

किसनसिंगबाबा काठी टेकत आले, वाकले आणि त्यांनी चिंगीच्या छातीवरून बोट फिरवलं.

"रोग नव्हे. हे माय हाये. पिल्लांसाठी सोताचे केस उपटून गादी केली हिनं. आपल्या रानातल्या सशाची पिल्लं डोये उघडे घेऊनच जन्मतात, दबून बसतात. यायची तशी नसतात. उघडी, आंधळी. पळाचं सोडा, कूस बदलता येत नाही." बाबांनी गंजीकडे काठी केली. "तिथंच कुठंतरी हायेत."

वाऱ्याची एक गार झुळूक आली. लांब कुठंतरी गडगडलं.

"आता पिल्लं कुठं शोधता, पोरी?" मारोतराव कासावीस झाले. "गंजी केवढी, पिल्लं केवढी! एक-दोन थेंब पडले तं सगळं गेलं. अन् पुढच्या वावरात लोक वाट पाहून राह्यले. मी करतो चालू."

ते वळले, तर मशीनच्या तोंडासमोर राखी उभी! पाठ लोखंडाला टेकलेली, हात पसरलेले. पाय जागचा हलला नाही.

"काका, चालू करायची असन तं आधी मले बाजूले करा."

"अवं पोरी, तुह्याच घरचं पीक हाये!"

"माहीत हाये." राखीनं हात आणखी ताणले. "पीक भिजलं तं वाळवता येते. पिल्लं मशिनीत गेली तं... तं वैजूले पुन्हा देवाचंच नाव सांगसान काय?"

मारोतराव दोन पावलं मागं सरले. सगळ्यांच्या माना तुळसाबाईकडे वळल्या. गंजी तिची, पीक तिचं, शब्द तिचा. तिनं ढगांकडे पाहिलं. गंजीकडे पाहिलं. मग मशीनसमोर उभ्या असलेल्या नातीकडे पाहिलं.

"मजूरहो!" तिचा आवाज आख्ख्या शिवारात गेला. "बसा न्याहारीले! अन् हळू चावा!"

तेवढाच वेळ! भाकरी संपेपर्यंतचा!

"गंजी उकरायची का?" ऋषिकेशनं बाह्या सरसावल्या.

"नाही! उकरली तं वरचं ओझं त्यायच्याच अंगावर पडन." राखीनं चिंगीकडे पाहिलं. "जागा हिलेच माहीत हाये. हिलेच विचारू."

तिनं चिंगीला गंजीपासून दहा पावलांवर अलगद खाली ठेवलं. "कोनी बोलू नका. हलूसुद्धा नका!"

वीस माणसं पुतळ्यांसारखी बसली. भाकरीचा घास प्रयागबाईच्या हातात तसाच. ऋषिकेशला शिंक आली, ती त्यानं नाक दाबून गिळली. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही! त्या पोराच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा पराक्रम म्हणायचा.

चिंगी बसून राहिली. कान इकडे, कान तिकडे. चार उड्या टोपल्याकडे गेली. मग चिंगी थांबली, वळली आणि गंजीच्या उगवतीच्या कोपऱ्याजवळ येऊन एकदम आत शिरली.

राखी पोटावर झोपून सरपटत गेली. वाळक्या शेंगांची टोकं सुईसारखी टोचत होती. बोटांतून रक्त आलं. एकेक काडी बाजूला करत तिनं हात कोपरापर्यंत आत घातला, मग खांद्यापर्यंत. आधी नुसत्या काड्या. मग काहीतरी मऊ लागलं. ऊबदार. जणू आत कोणी कापूस पिंजून ठेवला होता. आणि त्या कापसात काहीतरी वळवळलं.

"सापडली," ती इतक्या हळू बोलली की ते फक्त रीताला ऐकू गेलं.

रीतानं टोपलं पुढं केलं. केसांच्या गादीसकट पिल्लं बाहेर आली. पाच होती! सोललेल्या रताळ्याच्या तुकड्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले. शेवटचं पिल्लू गादीतून निसटून बाजूला पडलं होतं. ते गार होतं. हलेना.

"दे इकडं," रीता म्हणाली. तिनं ते ओंजळीत घेतलं, ओंजळ तोंडाशी नेली आणि गरम श्वास सोडत राहिली. एकदा, दहादा, वीसदा. मग रीताच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"गुदगुल्या करून राह्यलं!"

वावरात जो ओरडा झाला, तो पुढच्या गावापर्यंत ऐकू गेला असेल. प्रयागबाईनं राखीच्या कानशिलावरून बोटं मोडली. आणि मारोतराव काय करत होते? ते काठी घेऊन गंजीच्या चारही बाजूंनी हळूहळू थापटत फिरत होते. पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. पूर्ण खात्री झाल्यावरच त्यांनी मशीन चालू केलं.

त्या दिवशी मजुरांनी असं काम केलं की मशीनला दम लागावा. दुपारी चारला शेवटची कवळी तोंडात गेली आणि पोत्यांवर ताडपत्री पडली. ढग डोक्यावरून गुरगुरत उगवतीकडे निघून गेले. पडला एक थेंब नाही.

"एवढा तमाशा केला अन् गेला मेला कोरडाच!" तुळसाबाईनं ढगालाही सोडलं नाही.

मारोतरावांनाही तिनं सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना थ्रेशरच्या जुन्या, झिजलेल्या चाळण्या घेऊन अंगणात बोलावलं. भोकंभोकं असलेल्या त्या लोखंडी पत्र्यांचा त्यांनी ऐसपैस पिंजरा केला. हवा खेळती, आणि कुत्र्याचं नाक शिरणार नाही असा. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या. नर कोणते, माद्या कोणत्या हे त्यांनी पोरांना शिकवलं आणि पिंजऱ्याचे दोन भाग करायला लावले.

"हे एकत्र ठेवले म्हणूनच दोनाचे अकरा झाले," त्या म्हणाल्या. "आणि ही पिल्लं जगवलीत कोणी? मी असते तर मलाही ती जागा सापडली नसती!"

राखी लाजून पिंजऱ्यामागं गेली. ऋषिकेश मात्र पुढं झाला. "शिंक मी दाबली होती, मॅडम."

आता प्रश्न असा, की सोळा जीव कोणाला द्यायचे? मागणारे रोज येऊ लागले. राखीनं एकच प्रश्न ठरवला होता.

"पिल्लं झाली तं काय करान?"

"करायचं काय? देऊ रानात सोडून," असं कोणी म्हटलं की राखी हात जोडायची. "या मंग, राम राम." एक जण रस्सा कसा लागतो ते विचारायला आला, तो तुळसाबाईची काठी दिसेपर्यंतच थांबला. ऋषिकेशलाही सोडलं नाही. "बाल्कनीत ठेवीन" या उत्तरावर तो तीनदा नापास झाला. चौथ्यांदा त्यानं दोन नरच मागितले, आईशी फोनवर बोलणं करून दिलं आणि मग कुठं पास झाला. रीताला दोन माद्या मिळाल्या. त्यांच्यासाठी किसनसिंगबाबांनी बाभळीच्या काटक्यांचं कुंपण स्वतः विणलं. बाकीचेही अशाच पास झालेल्या घरांसाठी ठरले.

भाऊबीजेच्या दिवशी मारोतराव आले, बोट धरून वैजयंती. आल्या आल्या ती पोरगी पिंजऱ्याच्या पत्र्याला नाक लावून बसली. "चिंगे! देवानं तुले परत पाठवलं?"

मारोतराव अवघडले. मग पोरीशेजारी उकिडवे बसले. "देवानं नाही, वैजू. या राखीताईनं. अन् देवाकडे मी पाठवली नव्हती. इथं वावरात सोडून गेलो होतो. खोटं बोललो तुझ्याशी."

वैजयंतीनं बापाचं बोट पुन्हा धरलं. "आता नको सोडू."

"नाही सोडत."

राखीनं तरीही प्रश्न विचारलाच. नियम म्हणजे नियम.

"दोन्ही माद्याच दे, पोरी," मारोतराव म्हणाले. "चिंगी अन् तिची बहीन. पिल्लं मोठी होईलोक इथं राहू दे, रोज संध्याकाळी चारा मी आणून टाकतो."

तेव्हा कुठं राखी हसली. त्याच दिवशी, वैजयंतीच्या मांडीवर, पाचांतल्या एका पिल्लानं पहिल्यांदा डोळे उघडले. ओंजळीत गार पडलं होतं तेच ते, असं रीता आजही छातीठोक सांगते.

त्या हंगामात मारोतरावांचं थ्रेशर अजून चाळीसएक वावरांत फिरलं. आणि प्रत्येक वावरात लोकांनी एक नवी गोष्ट पाहिली. मशीन चालू करण्याआधी मारोतराव हात वर करायचे आणि त्या घरच्या पोराबाळांना पुढं बोलवायचे. पोरांनी काठीनं थापटत गंजीभोवती तीन चकरा मारायच्या, मगच बटण. एका गंजीत अंड्यांवर बसलेली कोंबडी निघाली. एकीत मुंगसाची पिल्लं.

"मारोतराव, हे काय नवीन काढलं?" कोणी विचारलंच तर ते सांगायचे, "राखीची फेरी म्हणतात याले. ते झाल्याबिगर आपली मशीन चालत नाही."

हे तुळसाबाईच्या कानावर आलं ते बाजारात, चार बायकांच्या देखत. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐकलं ना बायाहो? एवढी मोठी लोखंडाची मशीन, पन माह्या नातीले विचारल्याबिगर चालू होत नाही!"